सलाईनचा पाया घालणारा आणि देशभर तार पसरवणारा डॉक्टर : विल्यम ओशॉनेसी

जुलाब-उलट्या लागल्या, अंगातलं त्राण गेलं की आपल्याकडे माणूस पहिल्यांदा सलाईनचं नाव काढतो. उपकेंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर गावातल्या दवाखान्यात बाटली टांगली जाते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यानं माणूस मरतो, ते परत भरलं तर जगतो, हे रक्त तपासून दाखवणारा माणूस आज फारसा कुणाला आठवत नाही. त्यांचं नाव विल्यम ब्रूक ओशॉनेसी. हिंदुस्थानभर तारयंत्र पोचवणारे अधिकारी म्हणून ते आपल्या हयातीत गाजले. तार बंद पडून वर्षं झाली. त्यांनी तरुणपणी मांडलेला मीठ-पाण्याचा हिशोब मात्र आजही प्रत्येक दवाखान्यात चालू आहे.

आयर्लंडचा मुलगा, एडिनबराचा डॉक्टर

ओशॉनेसी यांचा जन्म १८०८ सालच्या सुमारास आयर्लंडमधल्या लिमरिक गावी झाला. डब्लिनला थोडं शिकून ते स्कॉटलंडमधल्या एडिनबरा विद्यापीठात गेले आणि १८२९ मध्ये डॉक्टर झाले. वय होतं वीस-एकवीस. पुढे लंडनला आले, पण तिथं दवाखाना थाटायचा तर लंडनच्या वैद्यांच्या संस्थेचा परवाना हवा होता. तो मिळेना. मग रोगी तपासण्याऐवजी त्यांनी रसायनांची तपासणी करायला घेतली. रक्त, विष, औषधं, जे येईल ते तपासायचं.

त्या काळात लंडनच्या बाजारात मुलांसाठी रंगीत मिठाई मिळायची. ओशॉनेसी यांनी ती तपासली आणि तिच्या रंगात शिसं, तांबं यांसारखी विषारी द्रव्यं सापडल्याचं जाहीर केलं. लोक जे डोळ्यांनी पाहून गोड मानत होते, ते त्यांनी प्रयोगशाळेत नेऊन पाहिलं. हीच सवय थोड्याच दिवसांत मोठ्या कामी आली.

पटकी आली

कॉलरा, म्हणजे आपल्याकडची पटकी. जुन्या माणसांना तिच्या गोष्टी ठाऊक आहेत. सकाळी रानात गेलेला माणूस संध्याकाळी उरायचा नाही. गावोगाव मरीआईचा गाडा ओढून वेशीबाहेर नेऊन सोडायची रीत होती. १८१७ साली बंगालातून या रोगाची मोठी साथ सुरू झाली. व्यापारी, फौजा आणि जहाजांबरोबर ती पसरत गेली आणि १८३१ च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या संडरलंड बंदरात पोचली. त्या एका फेऱ्यात ब्रिटनमध्ये तीस हजारांहून जास्त माणसं गेली.

तिथल्या डॉक्टरांनाही रोगाचं मूळ ठाऊक नव्हतं. जंतूचा शोध लागायला अजून अर्धं शतक होतं. आजाऱ्याचं अंग थंड पडायचं, डोळे खोल जायचे, कातडी सुरकुतायची, आवाज घोगरा व्हायचा, अंग निळसर दिसायचं, पायात गोळे यायचे. जुलाब भाताच्या पेजेसारखे पांढरट. अशा माणसाची शीर कापून रक्त काढायचं, हा तेव्हाचा मान्य उपचार! जोडीला पाऱ्याचं औषध आणि अफू. तहानेनं तडफडणाऱ्या माणसाला पाणी देऊ नये, असंही पुष्कळ वैद्य सांगत. आधीच सुकलेल्या माणसाचं उरलंसुरलं रक्तही काढून घेतलं जात होतं.

रक्तात काय कमी झालं?

डिसेंबर १८३१ मध्ये ओशॉनेसी साथीच्या भागात, संडरलंड आणि न्यूकॅसलला गेले. वय अवघं बावीस-तेवीस. त्यांनी आजाऱ्यांचं रक्त घेतलं, जुलाब घेतले आणि दोन्ही तपासले. निरोगी माणसाच्या रक्ताशी ताळा घातला.

त्यांना जे दिसलं ते एखाद्या सावकाराच्या वहीसारखं स्वच्छ होतं. रक्तातलं पाणी खूप कमी झालेलं, म्हणून रक्त डांबरासारखं काळं आणि घट्ट. रक्तातलं मीठ आणि सोड्याच्या जातीचे क्षार कमी झालेले. आणि जे रक्तातून गेलं, तेच जुलाबात सापडत होतं. लघवीवाटे बाहेर पडायला हवा तो युरिया मात्र रक्तात साठलेला, कारण लघवी बंद झालेली. जमा आणि खर्च, दोन्ही बाजू जुळत होत्या.

या हिशोबावरून उपचारही सुचला. जेवढं पाणी गेलं तेवढं परत द्यायचं आणि जे क्षार गेले तेही परत द्यायचे. पोटावाटे देता आलं तर तसं, नाहीतर थेट शिरेतून. त्याआधी त्यांनी एका कुत्र्याच्या शिरेत क्षाराचं पाणी सोडून पाहिलं होतं आणि कुत्रं दगावलं नव्हतं. वर्ष संपता संपता त्यांचं टिपण लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. पुढच्या वर्षी सविस्तर अहवालही निघाला.

आजच्या भाषेत सांगायचं तर सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट यांसारख्या क्षारांचं आणि पाण्याचं शरीरातलं गणित बिघडणं हाच तो आजार. पटकीचा जंतू हे निमित्त. माणूस मरतो तो सुकून. आणि हे फक्त पटकीत होतं असं नाही. साधी हगवण, उन्हात काम करताना आलेला घाम, तापात न खाणं-पिणं, भाजणं, या सगळ्यांत हेच गणित कमी-जास्त प्रमाणात बिघडतं.

लीथची म्हातारी

ओशॉनेसी यांनी हिशोब मांडला. तो रोग्यावर वापरून पाहिला तो दुसऱ्यानं. एडिनबराजवळ लीथ नावाचं बंदर आहे. तिथले डॉक्टर थॉमस लॅटा यांनी ओशॉनेसी यांचं लिखाण वाचलं होतं. मे १८३२ मध्ये त्यांनी आधी आतड्यावाटे मीठपाणी देऊन पाहिलं. गुण आला नाही, उलट त्रास वाढला. मग त्यांनी शिरेचा मार्ग धरला.

पहिली रोगी होती एक वयस्कर बाई. सगळे नेहमीचे उपचार करून झाले होते, शेवटची घटका आली होती. लॅटा यांनी तिच्या हाताच्या शिरेत नळी घातली आणि मीठ-सोड्याचं पाणी थोडं थोडं सोडायला सुरुवात केली. सुरुवातीला काहीच फरक दिसेना. मग हळूहळू श्वास सुधारला. खोल गेलेले डोळे वर आले, पडलेला जबडा सावरला, नाडी हाताला लागली, थंड अंगात ऊब आली. अर्ध्या तासात सहा पाइंट, म्हणजे साधारण तीन लिटरच्या वर पाणी तिच्या अंगात गेलं होतं. जी बाई बोलू शकत नव्हती ती चेष्टामस्करी करू लागली. आता जरा झोप मिळाली की झालं, असं तिला वाटत होतं.

लॅटा यांनाही वाटलं, बाई वाचली. तेही दमले होते. तिला तिथल्या डॉक्टरच्या हवाली करून ते गेले.

थोड्याच वेळात बाईला पुन्हा उलट्या आणि जुलाब सुरू झाले. भरलेलं पाणी पुन्हा वाहून गेलं. कुणी पुन्हा नळी लावली नाही. साडेपाच तासांत बाई गेली. पाणी पुन्हा दिलं असतं तर ती वाचली असती, याबद्दल लॅटा यांच्या मनात शंका नव्हती. त्यांनी हे सगळं लपवून न ठेवता लिहून कळवलं, म्हणून आज आपल्याला ते कळतं.

सलाईनच्या इतिहासातला हा पहिला रोगी आणि पहिला धडा. औषध बरोबर होतं, मात्राही लागू पडली होती. कमी पडली ती शुश्रूषा. बाईच्या उशाशी बसून किती गेलं, किती द्यायचं, याचा हिशोब ठेवणारं कुणी नव्हतं.

लॅटा यांनी पुढे आणखी रोग्यांना असं पाणी दिलं. काही वाचले, बरेच गेले. कारण हा उपचार फक्त मरणाच्या दारात पोचलेल्यालाच दिला जायचा. पाणी जंतुरहित नसायचं, क्षारांचं प्रमाण बरोबर नसायचं, नळीतून हवा शिरायची. १८३३ मध्ये लॅटा स्वतः वारले. साथ ओसरली आणि डॉक्टर मंडळी पुन्हा रक्त काढण्याकडे वळली. ओशॉनेसी यांचा हिशोब कपाटात गेला.

कलकत्त्याला

ओशॉनेसी यांना लंडनमध्ये पोट भरता येईना. १८३३ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरली आणि बंगालला आले. दोन वर्षांनी, १८३५ मध्ये, कलकत्ता मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथं ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. हिंदी तरुणांना पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारं हे देशातलं अगदी सुरुवातीचं कॉलेज.

इथं त्यांनी परदेशी औषधांवर भर न देता इथल्या झाडपाल्याकडे पाहिलं. वैद्य-हकीम काय देतात याची चौकशी केली, जुने ग्रंथ समजून घेतले. भांग-गांजाच्या अर्काची त्यांनी आधी जनावरांवर चाचणी घेतली. मग संधिवात, धनुर्वात, पटकी, लहान बाळाचे झटके अशा आजारांत अगदी जपून वापर केला. १८३९ मध्ये त्यांनी यावर निबंध वाचला, आणि पाश्चात्त्य वैद्यकात या औषधाची ओळख त्यातूनच मोठ्या प्रमाणात झाली.

यातली एक गोष्ट शुश्रूषेच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे. पिसाळलेलं कुत्रं चावलेला एक माणूस त्यांच्याकडे आला. या रोगात पाणी पाहिलं तरी घशाला आचके येतात, आणि रोग्याचे शेवटचे दिवस फार वाईट जातात. औषधानं तो माणूस वाचला नाही, वाचणारही नव्हता. पण आचके कमी झाले, त्याला थोडंफार गिळता आलं, शेवट जरा शांत झाला. रोग बरा करता येत नसेल तेव्हाही रोग्याचे हाल कमी करणं हे डॉक्टरचंच काम आहे, हे ओशॉनेसी यांनी आवर्जून लिहून ठेवलं.

इथल्या औषधांचा त्यांचा मोठा ग्रंथ १८४२ मध्ये निघाला. १८४३ मध्ये त्यांना लंडनच्या रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं.

डॉक्टरचा तारवाला झाला

कलकत्त्यात प्राध्यापकी करताना त्यांना विजेचंही वेड लागलं. १८३९ मध्येच त्यांनी बांबूंवर तारा टाकून वीसेक मैलांची प्रायोगिक लाईन उभी केली आणि हुगळी नदीच्या पाण्याखालूनही संदेश जातो हे दाखवलं. कंपनी सरकारनं तेव्हा फार लक्ष दिलं नाही. पुढे गव्हर्नर जनरल डलहौसी आले, त्यांना तारेचं महत्त्व पटलं. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर लाईन सुरू झाली. या कामात शिवचंद्र नंदी हे बंगाली सहकारी त्यांच्या बरोबरीनं होते.

मग कामाला वेग आला. नोव्हेंबर १८५३ मध्ये कलकत्ता-आग्रा लाईनचं काम सुरू झालं आणि मार्च १८५४ मध्ये आग्र्याहून कलकत्त्याला संदेश गेला. अंतर आठशे मैल. १८५५ पर्यंत मुंबई आणि मद्रासही तारेनं जोडली गेली. माकडं लोंबकळतात, घारी-कावळे बसतात, वादळं येतात, म्हणून त्यांनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळया वापरल्या. यंत्रंही इथल्या हवेला टिकतील अशी स्वतः बनवली. १८५६ मध्ये इंग्लंडच्या राणीनं त्यांना सर ही पदवी दिली.

या तारेचा फायदा आधी झाला तो कंपनी सरकारला. १८५७ च्या उठावात इंग्रजांना बातम्या पटापट मिळाल्या त्या याच तारेवरून. पण पुढे शंभरहून अधिक वर्षं गावाकडच्या माणसाची आनंदाची, दुःखाची बातमीही याच मार्गानं आली. तार आली म्हटलं की घरातल्यांच्या काळजाचा ठोका चुकायचा, हे कालपरवापर्यंत होतं.

१८६० च्या सुमारास तब्येत बिघडल्यानं ते इंग्लंडला परत गेले. त्यांनी आडनावही बदलून घेतलं. पुढचं आयुष्य गाजावाजा न होता गेलं. ८ जानेवारी १८८९ रोजी साउथसी इथं त्यांचं निधन झालं. अनेक वर्षं ते पटकीच्या माहेरघरात, बंगालात राहिले. पण त्यांच्या हयातीत मीठ-पाण्याचा उपचार ना इंग्लंडात रुजला, ना बंगालात.

त्याच कॉलेजात हिशोब पुन्हा उघडला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्येच, म्हणजे जिथं ओशॉनेसी यांनी शिकवलं तिथंच, लेनर्ड रॉजर्स या डॉक्टरांनी रक्त किती घट्ट झालंय हे मोजून शिरेतून मीठपाणी द्यायला सुरुवात केली. पटकीनं मरणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. १९५९ मध्ये कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी पटकीच्या जंतूचं विष आतड्यातून पाणी कसं बाहेर ओढतं ते प्रयोगानं दाखवलं.

त्यानंतर आणखी एक गोष्ट उलगडली. जुलाब चालू असतानाही आतडं मीठ आणि साखर जोडीनं आत ओढून घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जातं. म्हणजे ओशॉनेसी म्हणाले होते तसं, पोटावाटेही भरपाई करता येते. फक्त साखरेची जोड हवी.

त्याची मोठी परीक्षा १९७१ मध्ये झाली. बांगलादेश युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव इथं पटकीची साथ पसरली, रुग्णालयात जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती, सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटं करून घेतली, पाण्यात कालवली आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती भांडं दिलं. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. आधी जिथं शंभरातले तीसेक मरत होते, तिथं ते प्रमाण चारच्या आत आलं. डॉक्टर, नर्स मूठभर होते. जीव वाचवले ते उशाशी बसून घोट-घोट पाजणाऱ्या आई-बाप, भावंडांनी. लीथच्या म्हातारीला जे मिळालं नाही, ते बनगावच्या आजाऱ्यांना मिळालं.

आज ओआरएसचं जे पाकीट आशाताई घरी आणून देतात, त्यात सोड्याच्या जागी सायट्रेट आणि जोडीला पोटॅशियम आहे. प्रमाण सुधारलंय, हिशोब तोच.

घरी आणि वॉर्डात हा हिशोब कसा ठेवायचा

नर्स मंडळी वॉर्डात जमा-खर्चाचा तक्ता लिहितात. किती प्यायला, किती सलाईन गेलं, किती लघवी, किती जुलाब, किती उलट्या. हीच ओशॉनेसी यांची वही. नातेवाइकांनी यात मदत केली तर नर्सचं काम निम्मं हलकं होतं. घरी आजारी असेल तर साध्या कागदावरही हे टिपता येतं.

● पाकीट पूर्ण एकाच वेळी, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात कालवावं. मोठं पाकीट एक लिटरचं असतं. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकू नये. कालवलेलं पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्यावं.

● पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर लहान बाळाला धोका असतो, म्हणून चमचा सपाटच हवा.

● दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना मागतील तेवढं. अंगावरचं दूध बंद करू नये. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी सांगितलेले सगळे दिवस द्याव्यात.

● उलटी झाली तर दहा मिनिटं थांबावं, मग चमच्या-चमच्यानं, दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं पुन्हा सुरू करावं.

● नुसतं साधं पाणी भरपूर पाजलं तर अंगात उरलेलं मीठही पातळ होतं. त्यानं गुंगी, बडबड, कधी झटके येतात. बाटलीतली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यातल्या जास्त साखरेनं जुलाब वाढू शकतात.

● पोटॅशियम कमी झालं की हातापायांत जोर राहत नाही, पोट फुगतं, हृदयाचे ठोके बिघडतात. असं दिसलं तर दवाखाना गाठावा.

● डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू जागेवर गेली, सहा-आठ तास लघवी नाही, बाळ मलूल पडलंय किंवा पीत नाही, जुलाबात रक्त आहे, तर घरी थांबू नये. वाटेतही पाजत राहावं.

आणि सलाईन लागलं की काम संपलं असं नाही, काम सुरू होतं. सुई टोचलेली जागा सुजली का, दम लागतोय का, अंगाला थंडी भरून आली का, हे पाहायला उशाशी कुणीतरी हवं. यातलं काही दिसलं तर लगेच नर्सला बोलवावं. लवकर घरी जायचं म्हणून नळीवरची चाकी आपल्या हातानं सैल करणं घातक आहे. म्हातारी माणसं, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे आजारी यांच्या अंगात पाणी पटकन गेलं तर ते फुफ्फुसात भरतं. कमी पाण्यानं माणूस जातो, तसा जास्त पाण्यानंही जाऊ शकतो. नुसता अशक्तपणा आहे, माणूस तोंडानं नीट खातोय-पितोय, तर एक बाटली लावा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्या बाटलीत बहुतेक वेळा मीठ-पाणी, नाहीतर साखर-पाणीच असतं.

नाव मागे पडलं, काम राहिलं

ओशॉनेसी यांच्या तारा गेल्या, तारघरं बंद झाली. देशातली सार्वजनिक तारसेवा २०१३ मध्ये थांबली. पण १८३१ च्या थंडीत संडरलंड-न्यूकॅसलला त्यांनी केलेला हिशोब रोज नव्यानं मांडला जातो. रात्रपाळीची नर्स तक्त्यावर लघवीचा आकडा लिहिते, आई वाटीतून चमचा चमचा पाजते, आशाताई दारात पाकीट ठेवून किती जुलाब झाले ते विचारतात. गेलं किती ते पाहायचं, तेवढं मोजून भरायचं, आणि पुन्हा गेलं तर पुन्हा भरायचं. आजाऱ्याला जरा बरं वाटलं म्हणून उशापासून उठायचं नाही, एवढं लीथच्या म्हातारीची आठवण ठेवून प्रत्येक घरानं पाळलं तरी पुष्कळ जीव वाचतील.